रेखांशाचा अंदाज आणि पुराणाची खात्री : फादर स्टीफन्सच्या सागरपत्राचा अन्वयार्थ

फादर थॉमस स्टीफन्स याचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात ‘क्रिस्तपुराणा’च्या (१६१६) निमित्ताने येते आणि त्या ग्रंथाची चर्चाही बहुधा मराठीच्या स्तुतिपर ओव्यांपाशी येऊन थांबते. परभाषक धर्मोपदेशकाने मराठीचा गौरव करावा, याचे अप्रूप इतके मोठे ठरले की, हा कवी मराठीपर्यंत कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न केवळ चरित्राच्या तपशिलात जमा झाला. वस्तुतः त्या वाटेविषयी त्याचे स्वतःचे लेखन उपलब्ध आहे. गोव्यात उतरल्यावर अवघ्या अडीच आठवड्यांनी, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्याने इंग्लंडमधील वडिलांना लिहिलेले पत्र रिचर्ड हॅक्लुटने १५८९ मध्ये आपल्या सागरप्रवासांच्या संग्रहात छापले. हे पत्र ‘क्रिस्तपुराणा’शेजारी ठेवून वाचले असता श्रद्धा आणि ज्ञान यांच्या नात्याविषयी या दोन संहिता एकच गोष्ट सांगत नाहीत, असे दिसते.

स्टीफन्स तेव्हा तिशीच्या आसपासचा होता. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणे अवघड झाले असताना त्याने रोम गाठले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गोव्यासाठी निघालेल्या पाच जहाजांपैकी एकावर तो होता. तो नाविक नव्हता. तरी पत्राचा मोठा भाग नौकानयनाने व्यापलेला आहे. धर्मप्रसारासाठी निघालेल्या तरुणाकडून अपेक्षित असलेले उपदेशपर निवेदन त्यात जवळजवळ नाही. विषुववृत्तालगतची निर्वात शांतता, जुलैअखेरीस ओलांडलेले केप ऑफ गुड होप, हिरड्या सुजवून अंग बधिर करणारा रोग, दीडशे आजारी आणि त्यांपैकी सत्तावीस मृत, असा हिशेब तो अलिप्तपणे मांडतो. मदेरा बेटांजवळ एका इंग्रज जहाजाने त्यांच्यावर तोफा डागल्या. ते जहाज देखणे होते, पण अशा कामाला लागलेले पाहून वाईट वाटले, असे तो नोंदवतो. स्वदेश आणि स्वधर्म यांची फारकत या उद्गारात जितकी उघड होते, तितकी ती कोणत्याही प्रकट निवेदनाने झाली नसती.

पत्राचा गाभा मात्र रेखांशाच्या प्रश्नात आहे. अक्षांश सूर्य आणि तारे यांच्यावरून नक्की कळतो. पूर्व-पश्चिम दिशेत मात्र आकाशात स्थिर बिंदू नाही. तेव्हा जहाज कोठे आहे, हे ठरवायचे कसे? वाऱ्याचा वेग, होकायंत्राच्या सुईचे विचलन, पूर्वीच्या प्रवाशांनी पोथ्यांत टिपून ठेवलेले पक्षी आणि समुद्रातील चिन्हे यांवरून नाविक अंदाज बांधतात. ही सारी साधने ईश्वराने माणसाला पुरवलेली आहेत, अशी स्टीफन्सची धारणा आहे. येथे श्रद्धा निरीक्षणाच्या जागी येत नाही, ती निरीक्षणाला आधार देते. आणि अंदाज चुकतो हेही ती लपवत नाही. हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असताना जहाज प्रत्यक्षात सोकोत्राच्या बाजूला वाहवत गेले होते. पुढे ओळखीचे पक्षी, ताडामाडाच्या फांद्या, पाण्यातले साप आणि नाण्यासारखा गोल पदार्थ दिसला, तेव्हा किनाऱ्याची खात्री झाली. २४ ऑक्टोबरला जहाज गोव्यास लागले.

खुणा वाचण्याची हीच सवय पुढे साष्टीत भाषेकडे वळलेली दिसते. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. मराठीच्या स्तुतीमागे म्हणूनच केवळ भावुकता नाही, निरीक्षकाचे शिक्षण आहे.

परंतु एवढ्यावर थांबणे हे पुन्हा गौरवाच्या चाकोरीत शिरणे होईल. लिस्बनहून निघालेल्या त्या जहाजांवर सैनिकही होते आणि धर्मोपदेशकांच्या प्रवासाचा खर्च राजाच्या तिजोरीतून होत होता. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले, तेव्हा त्यांचे मृतदेह परत आणण्यात स्टीफन्सचा सहभाग होता. ‘क्रिस्तपुराण’ या भूमीवर रचले गेले. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती श्रोता प्रश्न करतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? काव्याची प्रेरणा म्हणून या प्रश्नाचा उल्लेख नेहमी होतो. त्यातील तक्रार मात्र ऐकली जात नाही.

येथेच दोन संहितांतील अंतर मोजावे लागते. पत्राचा निवेदक आपले स्थान अंदाजाने ठरवतो आणि चूक कबूल करतो. पुराणाचा निवेदक सर्वज्ञ आहे. विश्वोत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचा मार्ग त्याच्यापुढे आखलेला आहे. पुराण या प्रकाराची आणि सत्तेच्या आश्रयाने चाललेल्या उपदेशाची मागणी येथे एकच होते: संशयाला जागा नको. तरीही जागा शिल्लक राहते, कारण ओवीबद्ध पुराणाला श्रोता लागतो आणि श्रोता आला की प्रश्न येतो. तो प्रश्न साष्टीतील खऱ्या माणसाचा की संकेताने योजलेल्या पात्राचा, याचा निर्णय संहितेच्या आधारे करता येत नाही. परंतु तो विचारला गेला आहे, हे संहितेनेच जपले आहे.

‘क्रिस्तपुराण’ हे भाषिक समन्वयाचे काव्य की धार्मिक वर्चस्वाचे साधन, हा वाद म्हणूनच अपुऱ्या मांडणीवर उभा आहे. ज्या ओव्यांत निवेदक ठाम असतो आणि ज्या ओव्यांत श्रोता त्याला अडवतो, त्यांचे वेगवेगळे वाचन झाले पाहिजे. सागरपत्र या वाचनाला एक मोजपट्टी पुरवते. समुद्रावर स्वतःचा रेखांश ठाऊक नसल्याची कबुली देणारा हा तरुण किनाऱ्यावर इतरांचा रेखांश ठरवू लागला, तेव्हा त्याच्या लेखनातून काय गळाले आणि काय टिकले, याची तपासणी मराठी समीक्षेने अद्याप करायची आहे.