'क्षय', 'झीज' आणि पालीतील 'खय' : एक अर्थविचार

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की काही अंतरावर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६५७ मध्ये घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये परत आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. आज तेथील दरवाजे व तटबंदी ढासळलेल्या स्थितीत आहेत. सुळक्याच्या पायथ्याशी खोदलेली टाकी मात्र टिकून आहेत. भोवतालच्या जंगलात १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. या किल्ल्याविषयी बोलताना लोक 'पडला', 'ढासळला', 'जीर्ण झाला' असे म्हणतात. 'किल्ल्याचा क्षय झाला' असे कोणी म्हणत नाही. ही गोष्ट आम्हास विचारार्ह वाटते, कारण जो शब्द लोक येथे वापरीत नाहीत, तोच धम्मग्रंथांच्या मराठी भाषांतरांत वारंवार भेटतो.

ऱ्हासाचे प्रकार मराठी भाषेने फार बारकाईने वेगळे केले आहेत. दूध नासते, भात विटतो, धान्य किडते, लाकूड कुजते, लोखंड गंजते, कापड विरते, माणूस खंगतो. या सर्वांना पोटात घेणारा 'क्षय' हा शब्द मात्र व्यवहारात दोनतीन ठिकाणीच उरला आहे. एक रोगाचे नाव म्हणून. औषधोपचाराने आज हा रोग बरा होतो, तरी त्याच्या नावातील धास्ती गेलेली नाही. दुसरा उपयोग पंचांगातील क्षयतिथीचा. तेथेही गळून गेलेली तिथी असाच अर्थ. याउलट 'अक्षय' म्हटले की शुभ, संपन्न, न संपणारे. थोडक्यात, लोकव्यवहारात क्षय वाईट आणि अक्षय चांगले, अशी वाटणी पक्की झाली आहे.

ही वाटणी मनात ठेवून पाली वाङ्मय वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. संस्कृत 'क्षय' पालीत 'खय' होतो. 'तण्हक्खय' म्हणजे तृष्णेचा क्षय, 'आसवक्खय' म्हणजे आस्रवांचा क्षय, आणि ज्याचे आस्रव क्षीण झाले तो 'खीणासव' म्हणजे अर्हत. येथे क्षय हे साधनेचे साध्य आहे. अंत्यविधीच्या वेळी आपण अनिच्चतेची जी गाथा म्हणतो, तीत 'उप्पाद' या शब्दाला जोडून 'वय' हा शब्द येतो. मराठी कानाला तो वयोमानाचा वाटतो. वस्तुतः तो 'व्यय' आहे. उत्पन्न होणे आणि व्यय पावणे हा संस्कारांचा स्वभाव, एवढेच तेथे सांगितले आहे. आपल्याकडील अनेक भाषांतरांत 'खय' आणि 'वय' या दोहोंसाठी सरसकट 'नाश' हा शब्द योजला जातो. आमचा आक्षेप यालाच आहे. नाश म्हटले की एका आघातात होणारा विध्वंस डोळ्यांसमोर येतो. त्यात प्रक्रिया दिसत नाही, आणि धम्म निराशावादी असल्याच्या जुन्या आरोपाला विनाकारण बळ मिळते.

याहून जवळचा शब्द आपल्या घरातच आहे. मराठी 'झिजणे' हे क्रियापद त्याच 'क्षि' धातूपासून, प्राकृत 'झिज्जइ' या रूपातून आले आहे. संयुत्त निकायातील खन्धसंयुत्तात तथागतांनी सुताराच्या वाकसाचा दृष्टान्त दिला आहे. हत्याराच्या दांड्यावर बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे उमटलेले सुताराला दिसतात. आज इतका झिजला, काल इतका झिजला, हे त्याला सांगता येत नाही. दांडा झिजला आहे एवढे मात्र तो जाणतो. भावनेचा अभ्यास करणाऱ्याचे आस्रवही असेच क्षीण होतात. या दृष्टान्तात 'नाश' बसत नाही, 'झीज' नेमकी बसते. ही झीज आपोआप होत नाही. रोजच्या हाताळणीने, कामाने होते. 'समाजासाठी झिजणे' या आपल्या वाक्प्रचारातही हाच श्रमाचा अर्थ जिवंत आहे.

यावर कोणी विचारील की, लेण्यांतील शिलालेखांत 'अखयनिवि' म्हणजे अक्षय नीवी आढळते, ती कशी? नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापणांची अशी ठेव ठेवल्याचा लेख आहे. त्यांपैकी २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, तर १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने ठेवले होते. व्याजातून भिक्खूंना चीवर आदी मिळावयाचे होते. येथे 'अक्षय' म्हणजे मुद्दल खर्च करावयाचे नाही, एवढी हिशेबाची अट. तो शाश्वततेचा सिद्धान्त नव्हे. त्या श्रेणीही आज उरलेल्या नाहीत.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माला निराशावादी ठरविणाऱ्या वाचनाचा प्रश्न स्वतः उपस्थित केला आहे. अनित्यतेमुळेच विकास आणि नवनिर्मिती शक्य होते, हे त्यांनी त्याच ग्रंथात शून्यतेच्या विवेचनात दाखविले. त्याआधी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या निबंधात सनातन असे काहीही नाही, याचा विचार करण्याचे आवाहन त्यांनी हिंदूंना केले होते. जातिव्यवस्था स्वतःला अक्षय म्हणवून घेते. तिलाही व्यय आहे, हे अनिच्चतेचे सामाजिक आश्वासन होय. मात्र जात कर्नाळ्याच्या तटासारखी ऊनपावसाने ढासळेल, अशी आशा धरणे हा प्रमाद ठरेल. ती वाकसाच्या दांड्यासारखी, हाताने आणि रोजच्या कामानेच झिजवावी लागेल.

म्हणून भाषांतरकारांस आमची सूचना अशी : पारिभाषिक स्थळी 'क्षय' ठेवावा, परंतु त्याचा उलगडा 'नाश' या शब्दाने न करता 'झीज' या शब्दाने करावा. तसेच अंत्यविधीत गाथेचा अर्थ सांगताना 'वय' म्हणजे वयोमान नव्हे, व्यय, हे उपासक-उपासिकांस आवर्जून समजावून द्यावे. दुःखाच्या प्रसंगी ऐकलेला शब्द माणसाच्या मनात दीर्घकाळ राहतो. तो नीट अर्थासह राहिला पाहिजे.