येशूच्या जागी कृष्ण, डोंबाच्या जागी कोण?

दादासाहेब फाळक्यांविषयी लिहिताना एक प्रसंग टाळून कुणालाच पुढे जाता येत नाही. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ते येशूच्या चरित्रावरचा चित्रपट पाहत आहेत. पडद्यावर येशू आहे आणि त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहते आहे. ही काही नंतर रचलेली आख्यायिका नाही. ‘नवयुग’ मासिकात १९१७ पासून त्यांनी भारतीय चित्रपटावर जी लेखमाला लिहिली, तीत त्यांनी स्वतःच हे नोंदवले आहे. वसाहतोत्तर समीक्षेला याहून सोयीचा दाखला मिळणे कठीण. साहेबाच्या यंत्रातून साहेबाचाच देव दिसतो, आणि पाहणारा एतद्देशीय माणूस मनातल्या मनात तो देव बदलतो.

गेल्या तीनचार दशकांत फाळक्यांचे वाचन प्रामुख्याने याच वाटेने झाले. आशिष राजाध्यक्ष यांचा १९८७ चा निबंध या वाटेवरचा मैलाचा दगड आहे. एडवर्ड सैद यांचा ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८ चा. पार्थ चॅटर्जी यांनी १९९३ च्या ग्रंथात वसाहतीतल्या राष्ट्रवादाची जी मांडणी केली, ती तर फाळक्यांना मापून शिवलेल्या अंगरख्यासारखी बसते. चॅटर्जी म्हणतात ते थोडक्यात असे : बाहेरच्या, भौतिक जगात पश्चिमेचे श्रेष्ठत्व मान्य करून तिची तंत्रे उचलायची, आतले, आध्यात्मिक जग मात्र आपले स्वतःचे, तिथे तिला शिरू द्यायचे नाही. विल्यमसनचा कॅमेरा लंडनहून आणणारे आणि त्यातून हरिश्चंद्र टिपणारे फाळके या सिद्धान्ताचे जिवंत उदाहरण वाटतात.

सिद्धान्त चुकीचा आहे, असे मला म्हणायचे नाही. फाळक्यांचा जीवनक्रम पाहिला तर तो अधिकच पटतो. शास्त्र्यांच्या घरात, ३० एप्रिल १८७० ला, आमच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकतो. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व ड्राफ्ट्समन म्हणून लागतो. म्हणजे हिंदुस्थानचे भग्नावशेष मोजून, टिपून, नोंदवून ठेवणाऱ्या सरकारी डोळ्याचा तो काही काळ एक भाग होता. पुढे नोकरी सोडून तो रविवर्म्याच्या छापखान्यासाठी शिळामुद्रणाचे काम करतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या सुरुवातीला राजा, राणी आणि धनुर्विद्या शिकणारा रोहिदास ज्या रीतीने चौकटीत मांडले आहेत, ती रीत भिंतीवरच्या ओलिओग्राफची आहे. रविवर्म्याने युरोपीय तैलचित्राच्या शैलीत पुराण बसवले, फाळक्यांनी त्या पुराणाला चालायला लावले. इथपर्यंत सारे जुळते.

फाळक्यांचा आणखी एक दावा पाहा. भांडवल, मालकी, माणसे आणि कथा या देशातल्या असल्याने आपले चित्रपट स्वदेशी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. या यादीत कॅमेरा नाही, कच्ची फिल्म नाही, दोन्ही परदेशी. चॅटर्जींचे ‘बाहेर’ आणि ‘आत’ इथे अगदी हिशेबवहीतल्या दोन रकान्यांसारखे दिसते. मात्र या यादीत आणखी एक नोंद राहून गेली आहे. त्या परदेशी फिल्मला भोके पाडून येत नसत. ते काम अंधारात बसून सरस्वतीबाई फाळके करीत. सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत. तारामतीची भूमिका करण्यास त्यांनी नकार दिला, आणि ती ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या पुरुषाकडे गेली. ‘आतले जग’ म्हणजे घर आणि त्याची राखणदार म्हणजे स्त्री, असे राष्ट्रवादाचे म्हणणे. पहिल्या स्वदेशी चित्रपटात ते घर पडद्यावर आले तेव्हा त्यात एकही बाई नव्हती. अंतःपुरातल्या जलक्रीडेच्या दृश्यात ओल्या साड्यांतले सगळे पुरुषच आहेत. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या, ही गोष्ट वेगळी.

माझी अडचण यापुढे सुरू होते. वसाहतोत्तर वाचनात चित्रपटाचे तोंड नेहमी लंडनकडे असते. कृष्ण येशूला उत्तर देतो, स्वदेशी विलायतीला. राज्य गमावलेला, दारोदार फिरणारा हरिश्चंद्र म्हणजे परतंत्र भारत, हे रूपकही मग सहज लागू पडते. पण ज्या प्रेक्षकाने ३ मे १९१३ पासून कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट पाहिला, त्याला हरिश्चंद्र नवा नव्हता. कीर्तनातून, नाटकांतून, आजीच्या तोंडून ती कथा त्याला पाठ होती. आणि त्या कथेतला सर्वांत खोल खड्डा कोणता? राज्य जाते, बायकोमुलाचा विक्रय होतो, हे सारे झाल्यावर राजा डोंबाच्या घरी राबतो, स्मशानात कर गोळा करतो. राजाची कसोटी लागते ती इथे. सत्त्वाची परीक्षा म्हणून याहून मोठी मानहानी कथाकाराला सुचली नाही. ज्यांच्यासाठी तेच रोजचे जगणे होते, त्यांच्या सत्त्वाची परीक्षा कोण घेत होते, हा प्रश्न या कथेत उद्भवतच नाही.

मार्कंडेयपुराणात तर आणखी एक खुबी आहे. शेवटी कळते की तो चांडाळ खरा चांडाळ नव्हताच. प्रत्यक्ष धर्मानेच ते रूप घेतले होते. रोहिदास उठून बसतो, राज्य परत मिळते, सगळे जिथल्या तिथे जातात. फक्त डोंब कथेतून नाहीसा होतो, कारण तो कधी नव्हताच.

या चित्रपटाची चार रिळे होती. त्यांतले पहिले आणि शेवटचे तेवढे उरले आहे, आणि तेही फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे आपण ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हणून जो वाचतो, तो राजवाडा आणि शिवाचे प्रकट होणे एवढाच आहे. मधली उतरंड गेली. चर्चासत्रांत या योगायोगाकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. खरे तर राष्ट्रीय रूपक इतके सुटसुटीत दिसते त्याला ही हरवलेली रिळेही थोडी कारणीभूत आहेत.

नाशिककडे या. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनीच राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम आला की लोक पायातले जोडे काढीत, तिकिटाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, असे सांगितले जाते. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकला स्थापन झाली. त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्रात राहणाऱ्याला ठाऊक असते की दर्शनाला अंतर असते : कोण गाभाऱ्यात, कोण मंडपात, कोण पायरीशी. सिनेमाने हे अंतर तिकिटाच्या दरावर आणले. देव समोर येण्यासाठी चार आणे लागत की आठ, एवढाच प्रश्न उरला. फाळक्यांच्या कामातली ही मला सर्वांत क्रांतिकारक गोष्ट वाटते, आणि ती लंडनला उद्देशून नव्हती. पण पडद्यावरचा राम मोकळा झाला तरी दगडाचा झाला नाही. त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. इकडे ‘आतल्या’ जगाचे देव चित्रित करणारी कंपनी, तिकडे त्याच ‘आतल्या’ जगाच्या दारात बसलेली माणसे. साहेब आणि आपण एवढ्या दोनच पक्षांच्या सिद्धान्तात या तिसऱ्यांना बसायला पाट नाही. नेमाड्यांच्या देशीवादालाही ही अडचण चुकलेली नाही; ‘देशी’ म्हटले की कुणाचे देशी, हे विचारावेच लागते.

हे जुने झाले असे कुणाला वाटेल, म्हणून ‘लगान’ (२००१) घ्या. वसाहतोत्तर अभ्यासक्रमातला हा लाडका चित्रपट. इंग्रजांचाच खेळ, त्यांच्याच नियमांनी, त्यांच्यावर उलटवलेला. त्यात कचरा नावाचा एक अस्पृश्य आहे. त्याला संघात घ्यायला गावाचा विरोध होतो, मग भुवन शबरीच्या बोरांचा दाखला देऊन गावाला गप्प करतो. पुन्हा रामच मध्यस्थीला. कचरा स्वतः जवळजवळ काही बोलत नाही. त्याचे कसब म्हणजे त्याचा अधू हात. चेंडू आपोआप वळतो. साहेब हरतो, लगान माफ होतो, पाऊसही येतो. दुसऱ्या दिवशी कचरा कोणत्या विहिरीवर पाणी भरतो, हे मला विचारावेसे वाटते. चित्रपटाला वाटत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याच्या बापाचे नाव कचरू आहे. मराठी माणसाला या नावाचा अर्थ वेगळा लागतो. मुले जगत नसली की कचरू, धोंडू, दगडू अशी नावे ठेवायची, म्हणजे काळाची नजर त्यांच्याकडे वळत नाही, ही आपली जुनी रीत. एका चित्रपटात कचरा म्हणजे गावाने केलेली पायरी, दुसऱ्यात कचरू म्हणजे आईबापाने जगावे म्हणून ठेवलेले नाव.

याच चित्रपटात डुक्कर धरायला धावणारे हे कुटुंब शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुक्कर निसटते. पडदा क्षणभर स्तब्ध होतो. वसाहतोत्तर वाचनाची सारी हत्यारे घेऊन मी हे दृश्य अनेकदा पाहिले. इथे साहेब कुठेच नाही. राष्ट्र आहे, त्याचे गीत आहे, ते मान देणारी माणसे आहेत, आणि त्या मानाची किंमत त्यांच्या दिवसभराच्या मजुरीतून वळती होते आहे. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रे दिसत राहतात. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने. ‘वसाहतीच्या केंद्राला परिघाने दिलेले उत्तर’ हा शब्दप्रयोग या दगडावर चिकटवून पाहावा, चिकटत नाही. तो आपल्या खुर्चीकडे येतो.

‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या तुकड्यांतल्या पाट्या इंग्रजीत आणि हिंदीत आहेत. साहेबाला कळावे आणि साऱ्या देशाला कळावे, अशी ती सोय. ‘फँड्री’ हा शब्द कैकाडी भाषेतला; अर्थ डुक्कर. कैकाडी तमिळच्या कुळातली, आणि तमिळमधला डुकराचा शब्दही याच्याच जवळचा. चित्रपट मराठी, पण नावाचा अर्थ मराठी प्रेक्षकाला विचारून घ्यावा लागला. चित्रपटगृहाबाहेरच्या रांगेत लोक एकमेकांना तो विचारत होते.