‘अस्तु’: सांभाळ कुणाचा, सही कुणाची?

‘अस्तु’मधले चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, डिमेन्शियात हत्तीमागे चालत हरवतात. मोहन आगाशे त्यांना केविलवाणं होऊ देत नाहीत, ही सिनेमाची ताकद. पण भावे-सुकथनकरांचा सगळा जीव ‘बाबांना सांभाळणार कोण’ यातच गुंततो. त्यांच्या वतीने सही कोण करणार, हे बाजूलाच राहतं. आपण परदेशात राहणारे नेमके तिथेच अडकतो. भारतात साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की संपतं. इथे इंग्लंडमध्येही पोटची मुलगी म्हणून सहीचा हक्क आपोआप मिळत नाही. २००५ च्या कायद्याने पुढेही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, पण समज शाबूत असतानाच. म्हणून ‘अस्तु’ आई-बाबांसोबत बघा. संपल्यावर त्यांनाच विचारा: तुमच्या वतीने कुणी ठरवलेलं चालेल?