फाहियानचें सिंहलद्वीपांतील वास्तव्य : पाहिलेलें, ऐकलेलें आणि मिळविलेलें

फाहियान ह्या चिनी भिक्षूच्या प्रवासवृत्ताचा आपल्याकडील इतिहासलेखनांत जो उपयोग होतो, तो बहुतेक मध्यदेशापुरता असतो. गुप्तकालीन प्रजेचें सौख्य, सौम्य दंडनीति, पाटलिपुत्रांतील रथयात्रा व धर्मार्थ औषधालयें एवढे उतारे घेतले कीं पुस्तक मिटलें जातें. ताम्रलिप्तीहून गलबतांत बसून हा वृद्ध भिक्षु सिंहलद्वीपास गेला व तेथें दोन वर्षें राहिला, ह्या भागाकडे फारसें कोणी वळत नाहीं. वळलाच तर दंतधातूच्या मिरवणुकीचें वर्णन उतरून घेतो आणि थांबतो. वस्तुतः साधनचिकित्सेच्या दृष्टीनें ह्या लहानशा ग्रंथांतील हाच भाग सर्वांत बोधप्रद आहे. रेम्युसाचें फ्रेंच भाषांतर इ. स. १८३६ त निघाल्यापासून बील (१८६९), जाइल्स (१८७७ व पुन्हा १९२३) आणि लेग (१८८६) ह्यांनीं तो इंग्रजींत आणला. साधनांची वाण आहे असें म्हणतां येणार नाहीं. वाण आहे ती तीं साधनें चाळणीनें चाळून घेण्याची.

अस्सल पत्र आणि बखर ह्यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु एकाच माणसाच्या एकाच लेखांत ह्या दोन्ही जाती शेजारीं शेजारीं बसलेल्या असतात, हें आपण पुष्कळदां विसरतों. फाहियानचा विशेष असा कीं, तो स्वतःच ह्या दोहोंमधील शिवण उघडी ठेवतो. ती पाहण्यास मात्र सावकाश वाचावें लागतें.

प्रथम तो तेथें कां गेला, हें ध्यानीं घ्यावें. इ. स. ३९९ मध्यें तो चांगआनहून निघाला, तेव्हां त्याचें वय साठीच्या आसपास होतें. हेतु एकच : चीनमधील विनयग्रंथ त्रुटित होते, ते पुरे करावे. उत्तर हिंदुस्थानांत त्याची निराशा झाली. तेथें विनय गुरुमुखांतून शिष्यमुखांत जात होता. उतरून घ्यावी अशी पोथीच नव्हती. म्हणून तो मध्यदेशांत उतरला. पाटलिपुत्रांत तीन वर्षें राहून भाषा शिकला आणि महासांघिकांचा विनय उतरून घेतला. ताम्रलिप्तीस दोन वर्षें सूत्रें लिहिलीं व मूर्तींचीं चित्रें काढलीं. मग हिवाळ्यांतील वारा धरून चौदा दिवस-रात्रींत तो सिंहलास पोंचला. तें वर्ष इ. स. ४१० च्या सुमाराचें. म्हणजे पोथ्यांच्या शोधांत दहाअकरा वर्षें घालविलेला माणूस ह्या बेटावर उतरत आहे, यात्रेचें पुण्य जोडणारा केवळ भाविक नव्हे.

आतां चाळणी. बेटाचें माप तो पूर्वपश्चिम पन्नास योजनें व दक्षिणोत्तर तीस योजनें असें देतो. नकाशा पाहणारास हें उफराटें दिसेल. बेट दक्षिणोत्तर सुमारें २७० मैल लांब आणि पूर्वपश्चिम फार तर १४० मैल रुंद आहे. ह्यावरून फाहियान खोटा ठरत नाहीं. त्यानें बेट फिरून पाहिलें नाहीं, एवढेंच ठरतें. तो उत्तरेकडील अनुराधपुरांत राहिला आणि बाकीचें विचारून लिहिलें. पूर्वीं येथें मनुष्यवस्ती नव्हती, यक्ष व नाग होते, ते व्यापाऱ्यांस दिसत नसत, मालावर किंमत मांडून ठेवीत, ही कथाही त्याच जातीची. पर्वतावरील बुद्धपदाची गोष्टही तशीच : एक पाऊल राजधानीच्या उत्तरेस, दुसरें पर्वतशिखरावर, अंतर पंधरा योजनें, एवढेंच तो सांगतो, आपण पर्वतावर चढल्याचें कोठेंही म्हणत नाहीं. बेटांतील भिक्षूंची संख्या साठ हजार, हा आंकडा तर आपल्या पुस्तकांतून इतक्या विश्वासानें छापला जातो कीं, मूळांत त्याच्या आधीं 'त्या देशचे लोक म्हणतात' अशी पुस्ती आहे हें कोणाच्या गांवींही नसतें. प्रस्तुत लेखकानेंही पूर्वीं आपल्या टिपणवहींत हा आंकडा पुस्तीवांचून उतरला होता. मूळाशीं ताडतांना तो खोडावा लागला.

भाषांतरकारांनीं घातलेली भर हा आणखी एक निराळाच प्रकार आहे. नगरांत 'सा-पो' व्यापाऱ्यांचीं घरें सुंदर व सजविलेलीं आहेत असें मूळांत आहे. बीलप्रभृतींनीं हा शब्द 'सेबियन', म्हणजे दक्षिण अरबस्तानांतील लोक, असा वाचला, आणि त्या एका शब्दावर पांचव्या शतकांतील अनुराधपुरांत अरबांची पेठ उभी राहिली. अलीकडील बहुतेक अभ्यासक हा शब्द आपल्या 'सार्थवाह' ह्याचेंच चिनी उच्चारण मानतात. तसें असेल तर पेठ उठली. राहिले ते तांड्यांचे नायक. संस्कृत जाणणारास हें ऐकतांच पटण्याजोगें आहे.

स्वतः पाहिलेल्या भागांत लेखणीची चाल बदलते. महाविहारांतील एका थोर भिक्षूच्या दहनाची हकीकत घ्या. हा भिक्षु अर्हत होता अशी लोकांची श्रद्धा. फाहियान स्पष्ट सांगतो कीं, आपण आलों तेव्हां तो जिवंत नव्हता, आपणांस केवळ अंत्यविधि पाहावयास मिळाला. दंतकथा लिहिणारास त्याची भेट घडवून आणणें काय अवघड होतें? चितेची रुंदी-उंची, वर रचलेलें चंदन हें तो डोळ्यांनीं पाहिल्याप्रमाणें देतो. अर्हत्त्वाचा निर्णय मात्र लोकांकडे ठेवतो.

ह्याच ठिकाणीं नव्या विहाराच्या दानाचें एक वर्णन आहे, तें आपल्या ताम्रपटसंशोधकांनीं अवश्य पाहावें. राजा उत्तम बैलांची जोडी निवडून त्यांचीं शिंगें सोन्यारुप्यानें मढवितो, सोन्याचा नांगर करून स्वतः जमिनीच्या चारी बाजूंस तास घालतो, मग कुळें, शेतें व घरें तोडून देतो आणि तें लोखंडी पत्रावर लिहिलें जातें. पुढें पिढ्यानपिढ्या त्यांत कोणी फेरफार करूं धजत नाहीं. हें शेवटचें वाक्य वाचतांच आपल्या दानपत्रांतील 'आचंद्रार्क' आठवतें. प्रश्न आहे तो लोखंडाचा. सिंहलांत तांब्याचे व सोन्याचे कोरीव पत्रे सांपडले आहेत. लोखंडावर शासन कोरण्याची चाल तेथें असेल असें वाटत नाहीं. दमट हवेंत तें टिकणार किती? माझा तर्क असा कीं, लोखंड येथें फाहियानच्या मायभाषेचें आहे. हान घराण्याच्या आरंभापासून चिनी बादशहा आपल्या मोठ्या सरदारांस लोखंडी सनदा देत, आणि 'अढळ सनद' ह्या अर्थीं तो शब्द भाषेंत रूढ झाला. धातूच्या पत्रावरील शासन पाहून त्यानें आपल्याकडील शब्द वापरला असावा. विधि पाहिलेला, शब्द घरचा. साक्षीदार प्रामाणिक असूनही साक्ष अशी रंगते.

अभयगिरि व महाविहार ह्यांविषयींचें त्याचें मौन अधिक विचार करण्याजोगें आहे. पहिल्यांत पांच हजार भिक्षु, दुसऱ्यांत तीन हजार, एवढें तो सांगतो. ह्या दोन पीठांचा कलह जुना होता. महासेन राजाच्या कारकीर्दींत महाविहाराचे भिक्षु राजधानी सोडून गेले, इमारती पाडून त्यांचें सामान अभयगिरीकडे नेलें, असें महावंस सांगतो. पण महावंस हा महाविहाराच्या परंपरेचाच ग्रंथ, म्हणजे फिर्यादीचीच कैफियत. फाहियान ह्या तंट्याविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. कांहीं जण ह्यास अज्ञान म्हणतात. दोन वर्षें राहून, भाषा जाणून, विनयाचा अभ्यासक असून त्यास हें कळलें नसेल, हें मला खरें वाटत नाहीं. तो कोणत्या विहारांत उतरला होता हें तो लिहीत नाहीं. पण अभयगिरीची हिरव्या मणिशिलेची मूर्ति, तिच्या उजव्या हातांतील मोतीं, जवळचा खांबांनीं तोललेला बोधिवृक्ष हें सर्व ज्या निकटपणें येतें, त्यावरून यजमान कोण असावे ह्याचा अंदाज होतो. पाहुण्यानें यजमानाच्या भाऊबंदकीविषयीं न बोलणें हा शिष्टाचार झाला, पुरावा नव्हे. उलट दंतधातु दरवर्षीं मिरवीत अभयगिरीस नेऊन तेथें नव्वद दिवस ठेवीत, हें त्याचें विधान वंसग्रंथाशीं जुळतें. मेघवर्ण राजानें दंतधातु प्रतिवर्षीं अभयगिरीस न्यावा असा नेम घातल्याची नोंद तेथें आहे. प्रतिपक्षाचा ग्रंथ व परका प्रवासी एकच सांगतात, तेव्हां तें पक्कें धरावें.

त्या मूर्तीपुढेंच एका व्यापाऱ्यानें वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा पाहून फाहियानच्या डोळ्यांत पाणी आलें. सोबती कांहीं मेले, कांहीं वाटेंत राहिले, सोबतीस उरली ती आपली सावली. हा उतारा सर्वांस पाठ असतो आणि असावा. एवढेंच सुचवितों कीं, पंखा चिनी होता, व्यापारी चिनी होता असें मूळ म्हणत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. दोन वर्षांत त्यास चार ग्रंथ मिळाले : महीशासकांचें विनयपिटक, दीर्घागम, संयुक्तागम आणि संयुक्तसंचय नांवाचा एक संग्रह. हे चिनांत नव्हते, असें तो लिहितो. पाटलिपुत्र व ताम्रलिप्ति येथें 'लिहून घेतलें' असें सांगणारा हा मनुष्य येथें 'शोधून मिळविलें' असें म्हणतो. 'सिंहलांत त्यानें पोथ्या नकलल्या' असें जें सर्रास लिहिलें जातें तें मूळाबाहेरचें आहे. दान मिळाल्या, विकत घेतल्या कीं कोणाकडून लिहविल्या, तें मूळावरून ठरत नाहीं. भाषेविषयींही जपून बोलावें. तो 'फान' लिपीभाषेचें पुस्तक म्हणतो. परंतु चिनी लेखक हा शब्द संस्कृतासच नव्हे, तर एकंदर भारतीय भाषांस लावीत. तथापि ग्रंथ कोणाचे हें निश्चित आहे. महीशासक हा महाविहारवासीयांहून निराळा निकाय, आणि त्याचें विनयपिटक त्या काळीं सिंहलांत हातीं येऊं शकत होतें. ह्यास घरचाही दुजोरा आहे : पालि जातकट्ठकथेच्या प्रस्तावनेंत, ती रचावी अशी विनंति करणाऱ्यांत महीशासक वंशाचा बुद्धदेव नांवाचा भिक्षु आहे. तेव्हां सिंहलद्वीप म्हणजे प्रथमपासून एक पालि भांडार, ही जी आपली समजूत आहे ती उरलेल्या पोथ्यांवरून झालेली आहे. उरल्या त्या जिंकलेल्या पीठाच्या. फाहियानच्या पाठोपाठच, महानाम राजाच्या वेळीं, बुद्धघोष महाविहारांत अट्ठकथा लिहावयास बसला. बाराव्या शतकांत पराक्रमबाहूनें निकायांचें एकीकरण केलें. अभयगिरीचे ग्रंथ नाहींसे झाले. उपतिस्साचा 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ अभयगिरीशीं जोडला जातो. तो चिनी भाषांतरांत पूर्ण टिकला म्हणूनच पुण्यास प्रा. पु. वि. बापट ह्यांस १९३७ मध्यें 'विसुद्धिमग्गा'शीं त्याची तुलना प्रसिद्ध करतां आली. परदेशीं गेलेली नक्कल मूळाच्या मागें उरते, ती अशी.

आणि जें मिळालें नाहीं त्याचाही हिशेब फाहियानने ठेवला आहे. एक हिंदी भिक्षु उच्चासनावर बसून बुद्धाच्या भिक्षापात्राचें भविष्य पठण करीत होता : तें पात्र गांधारांतून कोणत्या देशीं जाईल, चीनमध्यें केव्हां येईल, पुन्हा सिंहलांत केव्हां. फाहियानने तें लिहून घ्यावयाचें म्हटलें, तेव्हां उत्तर मिळालें कीं, ह्यास ग्रंथ नाहीं, मी मुखानेंच म्हणतों. ठराविक वर्षसंख्या सांगितली होती, पण आपण विसरलों, म्हणून तो 'कांहीं शतकें' एवढेंच लिहितो. संख्या बसवून देण्याचा मोह त्यास झाला नाहीं. ज्यांनीं शाहिराच्या तोंडून पोवाडा उतरून घेतला असेल त्यांस ह्या एका ओळीची किंमत कळेल.

परतीच्या वाटेवर दोनशेंहून अधिक माणसांचें गलबत वादळांत फुटूं लागलें. व्यापारी माल समुद्रांत टाकूं लागले, तेव्हां त्यानें आपला तांब्या व हातपाय धुण्याचें भांडें टाकून दिलें. भीति होती ती पोथ्या कोणी फेंकील ह्याची. नव्वद दिवसांनीं यवद्वीपाकडील कोण्या भूमीस लागून, तेथें पांच महिने काढून, तो इ. स. ४१२ मध्यें शानतुंगच्या किनाऱ्यावर उतरला. संयुक्तसंचयाचें भाषांतर त्यानें स्वतः केलें. महीशासक विनयाचें भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर, ४२३-२४ मध्यें, काश्मीरच्या बुद्धजीवानें केलें. त्या निकायाचा संपूर्ण विनय आज उपलब्ध आहे तो ह्या भाषांतरामुळेंच. संयुक्तागमाचें भाषांतर गुणभद्रानें केलें. तें फाहियानच्या पोथीवरून झालें असें ५९७ ची एक चिनी ग्रंथसूची म्हणते, पण त्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. दीर्घागमाचें दैव निराळें. फाहियान परतल्यावर वर्षभरांतच, ४१३ मध्यें, दुसऱ्या एका प्रतीवरून चांगआनमध्यें त्याचें भाषांतर झालें आणि सिंहलाची पोथी मागें पडली. इ. स. १९९० नंतर गिलगिटकडून आलेली दीर्घागमाची भूर्जपत्री पोथी बाजारांत प्रकटली खरी. पण ती मूलसर्वास्तिवाद्यांची, हिच्याशीं तिचा संबंध नाहीं. सहाव्या शतकाच्या आरंभीं संग-यु ह्यानें आपल्या सूचींत फाहियानने आणलेल्या ग्रंथांत हा दीर्घागम नोंदविला आणि पुढें शेरा लिहिला कीं, मूळ भाषेंत आहे, भाषांतर झालें नाहीं.