पडद्यावरचा मासा आणि पुढच्या रांगेतले कोळी

माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट २००० सालचा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची जी शिकार चाले, तिचे हे चित्रण. गळ, दोर आणि दोराला बांधलेली पिंपे. पिंपांमुळे माशाला खोल बुडी मारता येत नाही. तो दमला की ओढत बंदरावर आणायचा. तिथले मच्छीमार त्या माशालाच ‘बॅरल’ म्हणत. प्लवक गाळून खाणारा, बसएवढा, माणसाच्या वाटेला न जाणारा हा जीव कापला जाताना पाहणे सोपे नाही. निवेदन थोडे कमी बोलले असते तरी चालले असते.

या माहितीपटामुळे व्हेल शार्कला संरक्षण मिळाले असे सांगितले जाते. ते बव्हंशी खरे आहे. मे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला. मात्र त्याच वर्षी ट्रॅफिक-इंडियाने या व्यापाराची पाहणी करून अहवाल काढला होता, त्याचे नाव कोणी घेत नाही.

कायदा झाला तरी तो किनाऱ्यावर पोचायचा होता. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचे वनखाते यांनी मोहीम काढली. मोरारीबापूंनी माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, म्हटले. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची गोष्ट गावोगाव नाटकातून दाखवली गेली. मच्छीमार जाळी कापून मासे सोडू लागले. माझ्या मते या मोहिमेचे यश माहितीपटापेक्षा मोठे आहे, कारण तिने माणसांना आरोपी केले नाही.

पण इथे माझ्यातला संशोधक अडखळतो. व्हेल शार्क गुजरातेत पिल्ले घालायलाच येतात, याचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. गाभण मादीविषयीची आपली बहुतेक माहिती १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एकाच मादीवरून आलेली आहे. तिच्या पोटात सुमारे ३०० भ्रूण होते. लेकीची उपमा जरूर सांगावी, पण वर्गात ती उपमा म्हणूनच सांगावी.

कोकणातल्या एका बंदरगावी शाळेच्या पटांगणात हा माहितीपट दाखवलेला मी पाहिला. पुढच्या रांगेत कोळी बसले होते. त्यांच्यापैकी कोणी कधी व्हेल शार्क मारलेला नव्हता, तरी मान खाली घालून बसले होते. दोन-तीन मुली रडत होत्या. आभार मानून यंत्र बंद होत असताना एका वयस्क गृहस्थांनी विचारले, ‘‘पण तो आमच्या जाळ्यात आला नि जाळं फाडावं लागलं, तर भरून कोण देणार?’’ आयोजक हसले आणि सतरंज्या गुंडाळू लागले.

त्या प्रश्नाला उत्तर होते. राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने २०१८ च्या अखेरीस योजना सुरू केली: संरक्षित प्राणी जाळे कापून सोडला, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत मात्र हवी. ही एवढी माहिती त्या पटांगणात त्या चित्रपटापेक्षाही जास्त मासे वाचवू शकली असती.

तुम्ही हा माहितीपट दाखवणार असाल, तर कापाकापीचा भाग लहान वर्गांना दाखवू नका. मोठ्या मुलांसाठी मासा पोहताना दिसतो तिथे चित्र थांबवा आणि शेपटी पाहायला सांगा. ती उभी आहे, डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आडवी असते, वर-खाली हलते. नावात व्हेल असूनही हा मासा का, ते मुले स्वतःच सांगतील. कल्ल्यांच्या फटीही दिसतात. इंग्रजी निवेदनाचा आवाज बंद करून गावातल्याच एखाद्या तांडेलाला बोलायला सांगितले तर फारच छान. आणि नंतर बोलण्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेवा. भरपाईच्या अर्जाच्या चार प्रतीही जवळ असू द्या.