अनंत रूपांचे गाणे

'सिंफनिक मेटल' हे नाव उच्चारताच आपल्या धर्मग्रामांतील बहुसंख्य पालकांच्या कपाळावर आठी उमटते. विद्युत गिटारींचा गदारोळ आणि त्याच्या जोडीला पाश्चात्त्य वाद्यवृंद, हे मिश्रण आमच्याही कानांस प्रथम परकेच वाटले होते. त्यातच फिनलंडमधील 'नाइटविश' या वृंदाच्या २०१५ सालच्या 'एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल' या ध्वनिमुद्रिकेत रिचर्ड डॉकिन्स यांचा आवाज असल्याचे समजले. निरीश्वरवादाचा कडवा पुरस्कार करणाऱ्या या प्राणिशास्त्रज्ञाचे निवेदन मुलाबाळांच्या घरात वाजू द्यावे काय? उत्तर देण्यापूर्वी ऐकणे क्रमप्राप्त होते. आम्ही ती ऐकली. एकदा नव्हे, चार वेळा.

तुओमास होलोपाइनेन यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या या वृंदाने गायिका दोनदा बदलल्या, वादकही बदलले. प्रस्तुत संग्रह त्यांचा आठवा, आणि नेदरलँड्सच्या फ्लोर यान्सेन यांच्या स्वरातील पहिलाच. त्यानंतर २०२० व २०२४ साली आणखी दोन संग्रह आले. परंतु वृंदाची महत्त्वाकांक्षा इतक्या उघडपणे येथेच दिसते. विषय आहे जीवसृष्टीची उत्क्रांती!

अखेरची रचना सुमारे चोवीस मिनिटांची असून पृथ्वीच्या जन्मापासून मानवापर्यंतचा प्रवास ती सुरांत मांडू पाहते. तिचा आरंभ आम्हांस सर्वांत भावला. प्रथम पियानो, मग हळूहळू चढत जाणारा वाद्यवृंद, आणि त्यावर यान्सेन यांचा शब्दांवाचून तरंगणारा उंच स्वर. अजून काही निर्माण झालेले नाही, पण होऊ घातले आहे, अशी ती अवस्था आहे. चर्चमधील गायकवृंदात ज्यांनी कधी उभे राहून गायिले असेल, त्यांना या प्रतीक्षेची ओळख निराळी करून द्यावयास नको. पुढे प्राण्यांचे आवाज येतात, माणूस हत्यारे घडवू लागतो आणि संगीत मात्र विस्कळीत होते. गिटारींच्या भिंतीआड व्हायोलिने गुदमरतात. एवढा मोठा वाद्यवृंद लंडनमध्ये ध्वनिमुद्रित करायचा आणि मग तो ऐकूच येऊ द्यायचा नाही, याला काय म्हणावे?

याहून मोठा दोष 'वीक फँटसी' या गीतात आहे. धर्माच्या नावाने पसरणाऱ्या भीतीवर ते प्रहार करते. तो प्रहार अस्थानी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण समोर उभा केलेला प्रतिपक्षच पेंढा भरलेला आहे. पोप पायस बारावे यांनी १९५० सालच्या 'ह्युमानी जेनेरिस' या परिपत्रकात मानवी देहाच्या उगमासंबंधी संशोधनास वाव ठेवला होता. १९९६ साली, म्हणजे हा वृंद जन्मला त्याच वर्षी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ एक कल्पना राहिलेली नाही, असे मान्य केले. आनुवंशिकतेचे नियम तर मेंडेल या मठवासी धर्मगुरूने वाटाण्याच्या वाफ्यांत शोधले. ज्या श्रद्धेशी खरोखर वाद घालता आला असता, ती या गीतात नाहीच. आईवडिलांस उद्देशून असलेले 'अवर डिकेड्स इन द सन' हे संथ गीत त्यापेक्षा किती तरी प्रामाणिक आहे.

राहता राहिले डॉकिन्स. समाप्तीला ते डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या शेवटाचे वाचन करतात. संग्रहाचे शीर्षकही तेथलेच. १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत तेथे निर्मात्याचा उल्लेख नव्हता, १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत डार्विनने तो घातला. पण आम्ही थबकलो ते दोन्ही आवृत्त्यांत असलेल्या एका क्रियापदापाशी. आदिम रूपांत जीवन 'फुंकले गेले', असे डार्विन लिहितो. मातीच्या नाकपुड्यांत श्वास फुंकण्याचे हे चित्र उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातून आलेले आहे. निर्मात्याचे नाव वगळले तरी त्याचा श्वास वाक्यातून वगळता आलेला नाही. त्या शांत, वृद्ध आवाजामागे समुद्राची गाज ऐकू येत राहते.

ही ध्वनिमुद्रिका आता आमच्या घरी राजरोस वाजते. 'वीक फँटसी' आले की आम्ही पुढचे गीत लावतो, आणि मुले ते पुन्हा मागे आणतात.