आश्रय ह्या शब्दाची अनुपस्थिती : परकीयविषयक नव्या अधिनियमाचे परीक्षण

अधिनियमाचे परीक्षण म्हणजे त्यातील कलमांचा अर्थ लावणे, असे सामान्यतः समजले जाते. परंतु त्यात जे लिहिलेले असते त्याबरोबरच जे लिहिलेले नसते तेही वाचणे परीक्षकाचे कर्तव्य होय. १९२०, १९३९, १९४६ व २००० ह्या वर्षांचे चार कायदे रद्द करून संसदेने त्यांच्या जागी आणलेला आप्रवास व परकीय व्यक्ती अधिनियम १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. मीरा-भाईंदर ह्या एका नगराच्या संदर्भात त्याचे वाचन करण्याचे येथे योजिले आहे.

मिठागरांचा आणि कोळीवाड्यांचा हा ठाणे जिल्ह्यातील पट्टा १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या आठ लक्षांहून अधिक भरली. आगरी, कोळी, उत्तनकडील ख्रिस्ती अशी जुनी घरे सोडली तर येथील बहुतेक कुटुंबे कोठून तरी आलेली आहेत. बंगालमधील गवंडी, उत्तरेकडील रिक्षाचालक आणि व्हिसा घेऊन आलेला आफ्रिकी तरुण येथे भाड्याच्या खोल्या शोधतात. मराठीत 'परदेशी' हा शब्द एके काळी उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसासही लावीत असत. कायद्याची व्याख्या मात्र काटेकोर आहे: जो भारताचा नागरिक नाही, तो परकीय.

ज्याच्यापाशी वैध पारपत्र व व्हिसा आहे, त्याने काय करावे हे अधिनियम व त्याखालील नियम पुरेशा स्पष्टतेने सांगतात. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने सामान्यतः १४ दिवसांच्या आत नोंदणी करावयाची असते. त्याला जागा देणाऱ्याने ती माहिती २४ तासांत अधिकाऱ्यांना कळवावयाची असते. विद्यापीठे व रुग्णालये ह्यांवरही माहिती देण्याचे दायित्व आहे. मुदत उलटल्यावर राहणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास, ३ लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चार ठिकाणी विखुरलेला विषय एकत्र आणला, हा ह्या अधिनियमाचा गुण मान्य केला पाहिजे.

परंतु जो शिक्षणासाठी वा व्यापारासाठी नव्हे, तर जीव वाचविण्यासाठी आला आणि ज्याला आपल्याच राजसत्तेकडे पारपत्र मागणे अशक्य आहे, त्याने काय करावे? 'निर्वासित' ह्या शब्दाची व्याख्या अधिनियमात नाही. आश्रयाचा अर्ज कोणाकडे करावा हेही त्यात सांगितलेले नाही. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार व त्याचा १९६७ चा पूरक करार हे भारताने स्वीकारलेले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे दिल्लीतील कार्यालय काही देशांतून आलेल्यांची नोंद करते, पण त्याने दिलेले ओळखपत्र म्हणजे व्हिसा नव्हे.

ही उणीव शासनाने सूट देणाऱ्या आदेशाने अंशतः भरून काढली आहे. धार्मिक छळामुळे वा त्याच्या भयामुळे पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती, तसेच ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रय घेतलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ ह्यांचा त्यात समावेश आहे. ज्यांना ही सूट मिळाली त्यांच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नव्हे. तथापि सूट समूहाला व तारखेला मिळते. आश्रयाचा प्रश्न एकेका व्यक्तीचा आणि तिच्या भयाचा असतो.

तारखांचा आधार आपल्या परंपरेस नवा नाही, असे कोणी म्हणेल. ह्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणजवळील लष्करी छावणीत, सिंधमधून आलेल्यांची वसाहत होऊन १९४९ मध्ये उल्हासनगर नावारूपास आले. पाकिस्तानातून आलेल्यांसाठी संविधानाच्या ६ व्या अनुच्छेदात १९ जुलै १९४८ ही तारीख घातलेली होती. परंतु तिच्यानंतर येणाऱ्यालाही नोंदणीद्वारे नागरिक होण्याची वाट त्याच अनुच्छेदाने दाखविली. तेव्हाच्या निर्वासिताची वाट खुद्द संविधानात लिहिलेली होती. आजच्या आश्रयार्थ्याची वाट कार्यकारी आदेशावर अवलंबून आहे.

न्यायालयांच्या निर्णयांतही ही द्विधा दिसते. परकीयास देशाबाहेर घालविण्याचा शासनाचा अधिकार अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर प्रकरणात म्हटले. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने जीविताचे संरक्षण नागरिकेतरांनाही आहे, असा निर्णय दिला.

ह्याहून गंभीर प्रश्न १६ व्या कलमाचा आहे. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार तेथे त्या व्यक्तीवरच ठेवला आहे. हे तत्त्व १९४६ च्या कायद्यातही होते. ते केवळ परकीयालाच लागू पडते असे वाटते, पण तसे नाही. जून २०२५ मध्ये, म्हणजे जुना कायदा चालू असताना, महाराष्ट्रात ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना सीमेपार बांगलादेशात धाडण्यात आले. त्यांपैकी एकास मीरा रोड येथून ताब्यात घेतले होते. ते भारतीय नागरिक असल्याचे आढळल्यावर त्यांना परत आणण्यात आले. नागरिक कोण हे ठरण्यापूर्वीच परकीय कोण हे ठरविले गेले, तर व्याख्येतील काटेकोरपणाचा काहीच उपयोग राहत नाही.

बनावट कागदपत्रांविषयी शासनास वाटणारी चिंता रास्त आहे, आणि सीमेचे रक्षण हे राज्याचे कर्तव्यच आहे. आमचा आक्षेप त्यास नाही. पाठवणीपूर्वी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र सुनावणी व्हावी, कागद मिळविण्यास तिला अवधी मिळावा, आणि आश्रयाचा अर्ज ऐकणारा अधिकारी अधिनियमानेच नेमावा, एवढ्या तीन तरतुदी झाल्या तरी हा दोष बराच दूर होईल. तोवर ह्या अधिनियमाच्या अभ्यासकाने प्रत्येक कलम वाचताना ज्याच्या हाती कागद नाही अशा माणसास तेथे काय मिळते, हा प्रश्न विचारीत राहावे.